कोकरे बाई आणि तांब्याभर पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. एका डिसेंबरात मी सोळा वर्षांच्या एका मुलाच्या घरी गेलो नव्हतो, आणि गेलो होतो असं लिहून दिलं. चार पानं होती. शेवटच्या पानावर माझी सही आहे, आणि त्याच्यावर लावलेल्या पत्रावर कोकरे बाईंची.

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांच्यावर काही लिहा असं मला कुणी म्हटलं नाही. निवृत्त झालेल्या परिविक्षा अधिकाऱ्याबद्दल कोण कशाला म्हणेल? मीच आपला दोन-तीनदा लिहायला बसलो. दर वेळी त्या चार पानांपाशी यायचं आणि थांबायचं. मग कळलं, ती पानं टाळून बाईंबद्दल लिहिता येणार नाही.

आमचं ऑफिस बीडला, एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. अठरा वर्षांच्या आतलं मूल गुन्ह्यात सापडलं की त्याला निरीक्षणगृहात आणतात आणि बाल न्याय मंडळापुढे उभं करतात. त्याला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं, हे मंडळ ठरवतं. पण त्याआधी कुणीतरी त्या मुलाच्या घरी जाऊन, बघून, अहवाल द्यायचा असतो. ते आमचं काम. शहरातली पोरं बिघडू नयेत म्हणून सरकारच्या पुष्कळ योजना आहेत, त्यांचे फलक आमच्याच जिन्यात लावलेले आहेत. त्या सगळ्या योजनांचं शेवटचं टोक म्हणजे पायात चपला घालून कुणाच्या तरी घरी जाणारा एक माणूस. आमच्याकडे त्या टोकाला अठ्ठावीस वर्षं कोकरे बाई होत्या. मी त्यांच्या हाताखाली, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरचा सामाजिक कार्यकर्ता.

बाई ठेंगण्या होत्या, अंगानं आडव्या, आणि पायात कायम पुरुषी चामडी चपला. बाप मेंढरं राखायचा. लहानपणी त्या कळपामागे गोदावरीच्या काठानं गेवराईपासून कुठं कुठं चाललेल्या, त्यामुळे पायांची बोटं अशी पसरलेली, की बायकांच्या चपलेत मावायची नाहीत, असं त्याच सांगायच्या. दुपारी जेवणानंतर खिडकीशी उभं राहून मिस्री लावायच्या. तेवढा वेळ त्यांना काही विचारायचं नाही. एकदा वरून साहेबांचा फोन आला तर शिपायाला खुणेनंच सांगितलं, की बाई फिल्डवर गेल्यात म्हण. फोन ठेवल्यावर शिपाई म्हणाला, "मॅडम, ते म्हणले, फिल्डवरनं आल्या की चूळ भरून फोन करा." मिस्रीचा वास फोनवरून जात नसला तरी ख्याती गेलेली होती.

निरीक्षणगृहातल्या पोरांना त्या 'मालक' म्हणायच्या. नुकतं आणलेलं, मार खाल्लेलं, ओठ सुजलेलं पोर कोपऱ्यात बसलेलं असायचं आणि बाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून म्हणायच्या, "काय मालक, जेवलात का?" पोर आधी मागं वळून बघायचं, कुणाला म्हणतात म्हणून. मी एकदा म्हणालो, "मॅडम, चोरी करून आलाय तो, तुम्ही अहो-जाहो काय करता?"

"त्याला आजपस्तोर कुनी अहो म्हनलंय का, राऊत भाऊ? एकदा म्हनून बघायचं. अंगाला लागलं तर लागलं."

मी नवा लागलो तेव्हा पहिल्या भेटीला त्यांच्याबरोबर निघालो. उन्हाळा होता, म्हणून बॅगेत पाण्याची बाटली टाकली. बाईंनी ती जिन्यातच काढून घेतली आणि शिपायाच्या टेबलावर ठेवली.

"बाटली घिऊन गेलं की घरातली बाई पानी देत न्हाई. अन् पानी दिल्याबिगर ती बोलत न्हाई. तहान लागू द्या. पानी कोन देतंय, कशात देतंय, ते बघायचं. बाकीचं सगळं लोक खोटं सांगू शकतात."

ते घर नदीकाठच्या वस्तीत एका मोटर मिस्त्रीचं होतं. त्याचा मुलगा शाहेद गाड्यांच्या बॅटऱ्या चोरताना पकडलेला. मिस्त्री आम्हाला बघूनच पेटला. "मॅडम, उसको अंदरच रखो. मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली त्यानं. मेरा लडका नही वो."

"ठिवू की अंदर. आधी आमाला बसू तर द्या."

शाहेदची धाकटी बहीण पाणी घेऊन आली. दोन स्टीलचे पेले, आणि बापासाठी तिसरा म्हणून तिनं एक फुटका कप आणलेला. फळीवर मात्र एक चकचकीत गिलास पालथा घालून ठेवलेला होता. बाई म्हणाल्या, "तो गिलास हाय की, कप कावून आनला?"

पोरगी म्हणाली, "वो भाई का है. उसमें किसी को नही देते."

मिस्त्री खाली बघायला लागला. बाईंनी पाणी पूर्ण प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मिस्त्री, पोराला गॅरेजवर कावून बसवत न्हाई?"

"हात चालत नाही त्याचा, मॅडम. नट कसता है तो उसके आटेच घिसा देता है."

"बॅटऱ्या काढताना बरा चालला हात. तीन मिनिटांत एक, पोलीस म्हनतेत."

मिस्त्री हसला. हसू आवरायला गेला तर डोळे भरले. बाईंच्या अहवालात शेवटी एवढंच होतं: मुलाचा गिलास घरात राखून ठेवलेला आहे, तो इतर कुणास दिला जात नाही, सबब मुलास घरी सोडण्यास हरकत नाही. मंडळाच्या न्यायाधीश मॅडमनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि शाहेदला सोडलं. आज त्याचं बार्शी नाक्याकडे स्वतःचं गॅरेज आहे. ऑफिसची जीप त्याच्याकडेच जायची. दर वेळी बाईंना म्हणायचा, "मॅडम, मुझे छोड दिया ना? अब इस गाडी को भी छोड दो. इसका सुधार नही होता."

सगळे शाहेद निघत नव्हते. बाईंनी 'हरकत नाही' लिहिलेली पोरं परत यायची, कधी आधीपेक्षा मोठ्या गुन्ह्यात. तेव्हा त्या काही न बोलता जुनी फाइल काढायच्या आणि आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायच्या, कुठं काय बघायचं राहिलं म्हणून. मी सरकारी नोकरीत दुसऱ्या कुणाला आपला जुना कागद स्वतःहून वाचताना बघितलेलं नाही.

एकदा आमच्यासाठी एक प्रशिक्षण होतं. मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आलेले. शहरांतली बालगुन्हेगारी शासकीय सेवांनी रोखता येते का, हा विषय. पडद्यावर चौकोन, चौकोनातून बाण. बाई मागच्या ओळीत पेंगत होत्या. जेवणाच्या आधी तज्ज्ञांनी त्यांनाच उठवलं. "मॅडम, आपण सर्वांत अनुभवी. आपल्याला काय वाटतं, आपण गुन्हा रोखू शकतो?"

"न्हाई, साहेब."

सगळे वळून बघायला लागले.

"आमी रोखत न्हाई. उशीर लावतो. सोळाव्या वर्षी पोराच्या हातात चाकू आला तर ते चालवतंय. वीस-बाविसाला तेच पोरगं इचार करतंय. मधली चार-पाच वर्षं त्याला कुठंतरी गुतवून ठिवायचं, कधी शाळा, कधी गॅरेज, कधी निसतं तारखेला बोलवायचं. वर्षं खायची. उशीर लावायची सवय सरकारी मानसाला हायच, फकस्त हितं ती कामाला येती."

हशा झाला. तज्ज्ञही हसले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी मात्र घरी जाऊन वहीत लिहिलं. एवढं कळूनसुद्धा पुढं मी जे केलं ते केलं.

तो मुलगा विशाल. घर वडवणीच्या पुढच्या एका वस्तीवर. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. विशाल अकरावीला बीडमध्ये, मावसभावाकडे राहायचा. मावसभावाचं नाव दत्ता, जुन्या मोटारसायकलींचा खरेदी-विक्रीचा धंदा. विशाल चोरीच्या गाडीवर सापडला. पहिलाच गुन्हा.

निरीक्षणगृहात मी त्याच्याशी बोललो. दुसरी पोरं पहिल्या दिवसापासून विचारतात, सर, कधी सोडणार. हा म्हणाला, "सर, मी हितंच राहू का?"

मी म्हणालो, "वेडा का तू?" आणि पुढचा रकाना भरला. इथंच का राहायचं म्हणतोस, असं विचारलं नाही.

त्या दिवसांत मला मतदार याद्यांचं काम लावलेलं होतं. दिवसभर गल्ल्या, संध्याकाळी ऑफिस. अहवालाची मुदत पंधरा दिवसांची. बाई भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांच्या रजेवर निघाल्या. जाताना अहवालावर लावायच्या पत्रावर सही करून ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"वडवनीची भेट तेवढी करून या. जाऊन आल्यावरच हे पत्र लावायचं. जमलं न्हाई तर मुदत मागा. मंडळ काय खात न्हाई."

एवढं सोपं होतं. मुदत मागायची. पण मुदत मागितली की का मागितली ते लिहावं लागतं, करारावरच्या माणसाला ते आवडत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी मी कपाटातून बाईंची एक जुनी फाइल काढली. तीही वडवणीकडचीच, तीही ऊसतोड कुटुंबाची. समोर ठेवली आणि नावं बदलत गेलो. आई-वडिलांची त्यांच्या राहत्या घरी भेट घेतली. घर दोन खणांचे. आईने तांब्याभर पाणी दिले. शेवटी माझं एक वाक्य घातलं: मुलास मावसभावाच्या ताब्यात देण्यास दोघांचीही संमती आहे. दत्ता सकाळीच ऑफिसला येऊन गेला होता, 'सर सर' करत होता, हमीपत्र द्यायला तयार होता. माणूस बरा वाटला. खरं म्हणजे मला तो बरा वाटायला हवा होता.

बाईंनी ती जुनी भेट आषाढात दिलेली होती. मी तारीख घातली डिसेंबरची. आणि डिसेंबरात त्या वस्त्यांवर कोण असतं? दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं कारखान्याला जातात, ती थेट चैत्रात परततात. मागं राहतात म्हातारी आणि कुलपं. आमच्या जिल्ह्यात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो. पण आयुष्य बीड शहरात गेलं, आणि कागद समोर असला की मला गाव दिसत नाही, रकाने दिसतात.

मंडळासमोर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लागली नसतील. मॅडमनी अहवाल चाळला आणि विशालला सांगितलं, "तुला तुझ्या मावसभावाकडे सोडतोय. तुझ्या आई-वडिलांची तशी इच्छा आहे."

विशालनं मॅडमकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "आई म्हनली?"

मी हातातली फाइल चाळायला लागलो.

"तुमी कारखान्यावर गेलते?"

त्या क्षणी मला कळलं मी काय लिहून बसलोय. थांबायला जागा होती. मॅडम, अहवालात चूक आहे, चार दिवस द्या, एवढंच म्हणायचं होतं. दत्ता शेजारी उभा होता, मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी म्हणालो, "हो."

"आई म्हनली, दत्ताकडं ठिवा म्हनून?"

"हो," मी म्हणालो. मानही हलवली.

दत्तानं विशालच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं बाहेर पडले.

बाई रजेवरून आल्यावर त्यांनी विचारलं, "वडवनीला गेलते?" तिसरं 'हो' त्यांना दिलं. त्यांनी विश्वास ठेवला. मला न विचारता त्यांनी प्रत ओढून वाचली असती तर बरं झालं असतं, असं मी पुढं पुष्कळदा मनात म्हटलं. आपल्या खोटेपणाचं ओझं दुसऱ्याच्या विश्वासावर टाकायचं, हीही एक खोडच.

तीन-एक महिन्यांनी विशाल पुन्हा आला. दत्ताच त्याला गाड्या चोरायला लावत होता, आधीपासून. या वेळी चोरीची गाडी घेऊन पळताना त्यानं हातगाडीवाल्या एका म्हाताऱ्याला उडवलं. केळी विकायचा तो. खुब्याचं हाड मोडलं. तो पुन्हा गाडीवर उभा राहिला नाही.

मंडळानं जुना अहवाल मागवला. प्रत काढून देण्याआधी बाई ती वाचायला बसल्या. मी समोरच्या टेबलावर. वाचता वाचता त्या थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राऊत भाऊ, हे पानी माझं हाय."

मी मान खाली घातली.

"त्या माउलीनं मला दिलतं ते. आषाढात. तिचं पोरगं येगळं, हे पोरगं येगळं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला झेपलं असतं. "मुदत कावून मागितली न्हाई?" एवढंच शेवटी विचारलं. मग चष्मा पुन्हा लावून त्यांनी प्रत फाइलमध्ये घातली.

दुसऱ्या दिवशी मंडळावर एक सदस्य होते, निवृत्त मास्तर. त्यांनी तारीख वाचली आणि म्हणाले, "डिसेंबरात आई-बाप घरी? त्या वस्तीवर डिसेंबरात कुत्रं न्हाई राहत. कोण गेलं होतं भेटीला?"

मी उठायला लागलो. बाई आधीच उभ्या होत्या.

"भेट मी घेतली, साहेब. कारखान्यावर जाऊन. यांनी माझ्या तोंडून ऐकून लिहिलं, त्याच्यात घर अन् तारीख चुकली. पत्रावर सही माझीच हाय."

"आई-वडिलांनी संमती दिली होती?"

"दिली होती."

विशाल तिथंच उभा होता. त्यानं बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जिन्यात मी बाईंना गाठलं. "मॅडम, का केलंत हे?"

त्या जिन्यात टेकल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. "मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. मला नोटीस दितील, दुसरं काय. तुमाला उद्याच काढतील. अन् तुमची खुर्ची रिकामी झाली की चार वर्षं कुनी येत न्हाई, बघितलंय मी. एकट्या बाईनं किती घरं हिंडायची?" उठता उठता म्हणाल्या, "रिकाम्या खुर्चीपरीस लाजलेला मानूस बरा. तुमी आता भेट चुकवनार न्हाई."

हिशेब बरोबर होता. मी त्यानंतर एकही भेट चुकवली नाही. बाटली नेत नाही. प्रत्येक घरात पाणी पितो.

पण त्यांचा स्वतःचा हिशेब चुकला. नोटीस आली, तिचं त्यांना काही नव्हतं. मंडळानं मात्र पुढं त्यांच्या शब्दावर पोरं सोडणं बंद केलं. आधी बाईंनी 'हरकत नाही' लिहिलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं. आता भेटीचे फोटो लावा, शेजाऱ्यांच्या सह्या आणा, पोलीस पाटलाचा दाखला आणा. दाखला येईपर्यंत पोर आतच. बाई साठीकडे झुकलेल्या, आणि मोबाइल आडवा धरून लोकांच्या घरांचे फोटो काढायच्या. घरातल्या बायका फोटो म्हटल्यावर पदर सारखा करायच्या, नीटनेटक्या बसायच्या आणि गप्प व्हायच्या. फळीवरचा गिलास कुणाचा, हे फोटोत येत नाही. त्या तीन वर्षांत बाईंनी ओळखलेली, सोडा म्हणून लिहिलेली पोरं आत राहिली, आणि राहिली तेवढ्या काळात काही काही शिकली. ते कुणाच्या नावावर घालायचं? फाइलमध्ये तर बाईंच्याच नावावर आहे.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, दोन भाषणं. मीही बोललो. 'मार्गदर्शक' हा शब्द वापरला. बाई माझ्याकडे न बघता शालीची घडी घालत होत्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बीडच्या स्टँडवर, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी. मार्च संपत आलेला, ऊन मी म्हणत होतं. वडवणीच्या गाडीला गर्दी, आणि बाई खांबाला टेकून उभ्या. त्याच चपला. मी विचारलं, कुठं निघालात.

"विशालच्या आईकडं. कारखान्यावरनं आलीय म्हनं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही जाता तिथं?"

"अधनंमधनं. एक भेट राहिलती ना आपली." टोमणा नव्हता तो. "पोरगं सुटून आलंय, मांजरसुंब्याला ढाब्यावर काम करतंय. आईशी बोलत न्हाई. तिचा फोन आला की कट करतंय. ती मला इचारती, बाई, काय केलं वो मी? आता काय सांगू तिला?"

"त्याला सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं की. ढाब्यावर जाऊन सांगितलं. म्हनलं, मालक, तुमची आई तसं म्हनली न्हवती, मी तिला तवा भेटलेच न्हवते. तर म्हनतो कसा, बाई, कोर्टात तर तुमी म्हनलात भेटले म्हनून. तवा खोटं का आता खोटं?" त्या हसल्यासारखं करून थांबल्या. "बरोबर हाय त्याचं. माझ्या बोलन्याला आता वजन न्हाई. म्हनला, ते सर मान हलवून हो म्हनले. मी त्यांच्या डोळ्यात बघत हुतो. ते येऊन न्हाई म्हनू द्या, मग बघू."

गाडी लागली. माणसं दाराकडे धावली.

"त्यालाही कळतंय बघा, राऊत भाऊ. ज्यानं मान हलवली त्यानंच हलवावी लागती. मी तुमची नोकरी वाचवली, हे काय मला वाचवता येत न्हाई."

"जातो मी, मॅडम. या आठवड्यात जातो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं पोरांच्या बापांकडे बघायच्या तसंच. घराला कुलूप आहे की माणूस आत आहे, हे बघावं तसं.

त्यांना खिडकीची जागा मिळाली. घामानं चेहरा डबडबलेला. मी खालून बाटली विकत घेऊन वर केली. त्यांनी हात बाहेर काढला आणि बाटली परत माझ्याकडे लोटली.

"नगं. तिथं मिळंल."

गाडी गेली. मग त्या मला दिसल्या नाहीत.

हे होऊन चार वर्षं झाली. प्रशिक्षणाला अजून नवे तज्ज्ञ येतात, अजून तोच प्रश्न विचारतात, की सरकारला हे थांबवता येईल का. आता सर्वांत अनुभवी म्हणून मला उठवतात. मी बाईंचं उशिराचं वाक्य सांगतो, लोक हसतात. विशालच्या बाबतीत बाईंनी लावायचा तो उशीर मी लावू दिला नाही, हे सांगत नाही. आणि एक उशीर मी स्वतः लावत बसलोय, तेही नाही.

मांजरसुंब्याला मी दोनदा उतरलो. दुसऱ्यांदा ढाब्यात जाऊन बसलोसुद्धा. विशाल आता अंगानं भरलाय, मिशी ठेवलीय. त्यानं माझ्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला आणि तसाच क्षणभर उभा राहिला. ओळखलं होतं की नाही, मला वाचता आलं नाही. मी पाणी प्यायलो, चहा प्यायलो आणि पुढची गाडी धरली. मनाला सांगितलं, बाई जिवंत आहेत, आत्ता बोललो तर त्यांचं खोटं उघडं पडेल. त्या पावसाळ्यात बाई गेल्या. आता तेही कारण उरलेलं नाही.

तुझ्या आईनं तसं कधीच म्हटलं नव्हतं, मी तिला भेटलोच नव्हतो, आणि 'हो' म्हणालो ते खोटं म्हणालो. एवढं मला त्या माणसाला, त्याच्या डोळ्यांत बघून, सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.